पुढच्या वर्षी किती जणींना मूल नको?

तीस वर्षं मी निरोध वाटले. हे वाक्य वाचून ज्यांनी पान उलटलं त्यांना लांबूनच नमस्कार. जे थांबले त्यांच्यासाठी पुढचं लिहितो. निरोधबरोबर गोळ्या दिल्या, तांब्या, म्हणजे कॉपर-टी, मोजून दिल्या आणि शेवटच्या काही वर्षांत तीन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं दिली. टोचली नाहीत, टोचणं हे सिस्टरचं काम. मी सरकारी आरोग्य केंद्रातला औषध निर्माता. पद असं भारी, पण आयुष्यात एक गोळीही मी निर्माण केली नाही. एक खिडकी, खिडकीमागे मी, माझ्यामागे कपाटं, एवढाच कारभार. माझे वडील मात्र शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले, "आमचा पोरगा दवाखान्यात सायब हाये."

आमचं केंद्र नागपूरच्या दक्षिण टोकाला, मनीषनगर ओलांडून बेसा रोडला लागलं की येतं. मी रुजू झालो तेव्हा आजूबाजूला रिकामे प्लॉट, बाभळी आणि म्हशी होत्या. बघता बघता सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या. त्या बांधणारे आणि रंगवणारे आले, त्यांच्या बायका आल्या, आणि त्याच इमारतींमध्ये पोळ्या लाटायला, भांडी घासायला लागल्या. वरच्या मजल्यांवरचे लोक आमच्याकडे फारसे फिरकले नाहीत, त्यांचे डॉक्टर धरमपेठेत. आमच्याकडे यायच्या त्या पोळ्या लाटणाऱ्या.

खिडकीवर निरोध मागायला आलेला माणूस मी दहा पावलांवरून ओळखायचो. तो आधी म्हणणार, "डोकं दुखून राहिलं जी." मी गोळी द्यायचो. तो हलायचा नाही. "अजून काय?" "काही नाही जी." तरी हलायचा नाही. मग छताकडे बघायला लागायचा. आमच्या छताला बघण्यासारखं काही नव्हतं. मी गुपचूप डोकेदुखीच्या गोळीखाली पाकीट सरकवायचो आणि तो असा सुटायचा की बस. आमच्या भागातल्या पुरुषांची डोकी फार दुखायची.

पण सगळे असे नव्हते. एक म्हातारी यायची, कापडी पिशवी घेऊन. पहिल्याच दिवशी तिनं भर गर्दीत मोठ्या आवाजात सांगितलं, "माह्या पोराचं लगन झालं. सून नर्सिंग शिकून राहिली. पोट्टा लाजते. महिन्याभराचे देऊन टाक बाप्पा, मले घडी घडी चालवत नाही." रांगेतली माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. म्हातारीला त्याचं काही नव्हतं. दोन वर्षं ती दर महिन्याला आली. शेवटी एकदा पेढे घेऊन आली, सून पास झाली म्हणून. "आता नोको देऊ," म्हणाली. शहाणं माणूस कसं असतं ते मी तिच्याकडून शिकलो. मोठमोठी भाषणं ऐकलीत मी या विषयावर, पण तिच्या पिशवीइतकं काम एकाही भाषणानं केलं नसेल.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे मिळतं ते फुकट असतं असं लोक म्हणतात. फुकट काही नसतं. तुम्ही काडीपेटी घेता त्यावर कर भरता, त्यातून सरकार हा माल विकत घेतं, मोठ्या भांडारात पाठवतं, तिथून तो आमच्यासारख्या केंद्रांना वाटला जातो. पण वाटायचा किती? ते ठरतं मागणीपत्रकावर. आणि आमच्या केंद्राचं मागणीपत्रक भरायचो मी. म्हणजे बघा, पुढच्या वर्षी बेसा रोडच्या आजूबाजूच्या वस्तीत किती बायकांना मूल नको असेल, हे मला यंदाच लिहून द्यावं लागायचं. त्या बायकांनाही ते माहीत नसायचं. देवाला माहीत असेल तर तो काही मला सांगायला येत नव्हता. आम्ही मागच्या वर्षी किती संपलं ते बघायचो आणि त्यात थोडं वरखाली करून आकडा टाकायचो.

मी या कामात हुशार समजला जायचो. माझ्या कपाटात तीस वर्षांत एकही औषध मुदत संपून सडलं नाही. दुसऱ्या केंद्रांत तपासणी आली की जुन्या बाटल्या लपवायची धावपळ उडायची, मी मात्र कपाटं उघडी टाकून खुर्चीत बसायचो. मुदत जवळ येतेय असं दिसलं की मी तो माल आधीच दुसऱ्या केंद्राला पाठवून द्यायचो, जिथं तो खपेल तिथं. साहेब लोक बैठकीत म्हणायचे, "मेश्रामांकडून शिका." अशा वेळी मी मान खाली घालून बसायचो, पण कान टवकारलेले असायचे.

आणि आमच्याकडे होत्या कुंदा सिस्टर. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर मी हा लेख लिहायला हो म्हटलं. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या. आवाज एवढा की लसीकरणाच्या दिवशी पोरं सुई बघायच्या आधीच रडायला लागायची. ते तीन महिन्यांचं इंजेक्शन सरकारनं नवं नवं सुरू केलं, 'अंतरा' नावाचं, तेव्हा आम्हा सगळ्यांना प्रशिक्षण झालं. एकदा टोचलं की तीन महिने काळजी नाही. मोफत. कोणाला दिसत नाही, घरात कुठे लपवायला लागत नाही. पण त्यानं पाळी मागेपुढे होते, कधी बंदच होते, आणि बायका त्याला भ्यायच्या. पहिल्या वर्षी मोजून आठ-दहा जणी आल्या.

सिस्टर केंद्रात बसून वाट बघणाऱ्यातल्या नव्हत्या. दुपारी दोनला इमारतींच्या फाटकाबाहेर स्वयंपाकवाल्या आणि भांडेवाल्या बायका जमतात. सकाळची कामं संपलेली, संध्याकाळची सुरू व्हायची असतात, त्या मधल्या तासात झाडाखाली बसून डबा खातात. सिस्टर रोज आपला डबा घेऊन तिथे जायच्या. हातात ना फ्लेक्स, ना पत्रकं. भाजी वाटून खायच्या आणि बोलायच्या. "पाळी बंद झाली म्हणजे रक्त पोटात साचते असं कोणं सांगतलं वं तुले? साचाले का ते टाकीतलं पाणी हाये?" बायका हसायच्या. आठ दिवसांनी त्यातली एक माझ्या खिडकीसमोरून मान खाली घालून सिस्टरच्या खोलीत जायची.

त्यांची अजून एक पद्धत होती. इंजेक्शन घेणाऱ्या बाईला एक कार्ड मिळतं, पुढची तारीख लिहिलेलं. अनेकींना ते घरी नेता यायचं नाही. ती कार्डं सिस्टर आपल्या टेबलाच्या खणात ठेवायच्या, तारखेप्रमाणे लावून. तारीख जवळ आली की स्वतः फाटकावर जाऊन त्या बाईला सांगायच्या. नियमात हे कुठे नाही. यासाठी कोणी त्यांना भत्ता दिला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये माझ्याकडे इंजेक्शनच्या बऱ्याच कुप्या शिल्लक होत्या. मुदत संपायला पाच-सहा महिने होते. माझी जुनी खोड उफाळून आली. मी ठरवलं, शहराच्या उत्तरेकडच्या एका केंद्रात हे इंजेक्शन जास्त चालतं, तिकडे पाठवून देऊ. सिस्टर खिडकीशी आल्या.

"भाऊ, नका पाठवू. बाया तयार होऊन राहिल्या. उन्हाळ्यात येतील पाहा."

"सिस्टर, कोण येतील? वर्षभरात किती आल्या ते माझ्याकडे लिहिलेलं आहे."

"तुमच्याकडे आलेल्या लिहिल्या हायेत. येणाऱ्या माह्याकडे हायेत."

मी हसलो. कुप्या पाठवल्या. आणि त्याच दिवशी पुढच्या मागणीपत्रकात मागच्यापेक्षाही कमी आकडा टाकला. कपाट रिकामं, पत्रक भरलेलं, मी खूश.

एप्रिल संपता संपता बाया आल्या. एकीचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून तिसरी. एका इमारतीतून सहा आल्या, सहाही वेगवेगळ्या मजल्यांवर काम करणाऱ्या. मी थोडं मागितलं होतं, थोडंच आलं होतं, ते पंधरा दिवसांत संपलं. मी भांडारात फोन केला. तिथल्या बाबूनं सांगितलं, "ज्यांनी मागितलं त्यांच्या नावानं गेलं जी. आता पुढच्या खेपेला." पुढची खेप जुलैत.

आणि मे महिन्यात वनिता आली.

वनिता मनीषनगरच्या तीन घरांत स्वयंपाक करायची. तिशीची असेल. दोन पोरं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप खराब झालेली. दुसऱ्या बाळंतपणात तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात मशीनवर ठेवावं लागलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं, तिसरं मूल पोटात राहिलं तर ही वाचेल याची खात्री आम्ही देणार नाही. नेहमीच्या गोळ्या तिला चालत नव्हत्या, तांबी सोसली नव्हती, आठवड्याच्या गोळीची आठवण राहत नव्हती. तिच्या ऑपरेशनला डॉक्टर तिच्या हृदयामुळे घाबरत होते. हे इंजेक्शन तिला सोसलं. दोनदा घेऊन झालं होतं. तिसऱ्याची तारीख तो दिवस होता, आणि ती बरोब्बर तारखेला आली होती, दोन घरांच्या पोळ्या आटोपून, घामानं निथळत.

"जय भीम, भाऊ. सिस्टरनं चिठ्ठी देली."

मी चिठ्ठी बघितली. म्हटलं, "नाही ना आलं. वरूनच माल नाही."

वरून. काय सोयीचा शब्द आहे बघा. तीस वर्षांत तो मी किती वेळा वापरला असेल! वर कोण असतं, कुठे असतं, कोणी विचारत नाही. वनितानंही विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मग मी काय करू?"

निरोधची पाकिटं मी पुढे केली. तिनं घेतली, पण ती जे बोलली ते मी विसरलो नाही. "भाऊ, हे त्यायच्या हातात राहते. सुई माह्या हातात राहते."

या इंजेक्शनला तारखेनंतर चार आठवडे सवलत असते. तेवढ्यात टोचलं तर चालतं, त्यानंतर भरवसा नाही. सिस्टरनी वनिताचं कार्ड खणातून काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. रोज सकाळी आल्या की त्याकडे बघायच्या, मग माझ्या खिडकीकडे. मी रोज मान हलवायचो. "वरून नाही आलं." असे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत त्या फाटकावर जात राहिल्या. एकेकीला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, इंजेक्शन संपलंय, तोवर हे घ्या, तोवर ते घ्या, घाबरू नका. बायकांच्या शिव्या त्या खायच्या आणि मी पंख्याखाली बसायचो.

एकदा मला वाटलं, जाऊ द्या, आपण बाहेरून विकत आणू. धरमपेठेतल्या एका मोठ्या दुकानात जाऊन विचारूनही आलो. सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, "वनिताचं आणान भाऊ. तारीख आलेल्या बाकीच्या अकरा जणींचं? अन् तीन महिन्यांनी पुन्हा?" तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं की सरकारी कपाटात माल असणं म्हणजे काय. माझ्यासारखा एखादा माणूस एखादीवर उपकार करू शकतो. पण बारा जणींना उपकार नको होते. मान वर करून येऊन जे घेता येईल ते हवं होतं.

नवव्या दिवशी सिस्टरना कशासाठी तरी जुनी फाइल लागली आणि तीत त्यांना माझ्या मागणीपत्रकाची प्रत सापडली. आकडा माझा, सही माझी. कागद घेऊन त्या खिडकीशी आल्या. मला वाटलं आता हा आवाज बेसापर्यंत जाणार. त्या हळू बोलल्या, आणि त्यानं मी जास्त मेलो.

"वरून म्हणजे तुम्हीच काय भाऊ?"

मी खरं सांगतो, मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस, तोंड कपाटाकडे करून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "रडाचं काम नाही. कागदावरची चूक कागदावर दुरुस्त होते. वनिताच्या पोटात झाली तर कोणीच दुरुस्त करत नाही. कुठे पाठवल्या होत्या कुप्या? चला."

निघालो. मे महिन्यातलं नागपूर, डोक्याला दुपट्टा बांधून माझ्या स्कूटरवर आम्ही दोघं, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या केंद्रातली औषध निर्माती माझ्या मुलीच्या वयाची. तिनं कपाट उघडून दाखवलं. माझ्याच कुप्या, माझ्याच अक्षरातली चिठ्ठी अजून खोक्यावर. त्यांच्याकडे यंदा मागणी कमी झाली होती, जवळजवळ सगळ्या पडून होत्या.

"दे ना वं बाई, बारा दे," सिस्टर म्हणाल्या.

"सर, तुम्हाला तर माहीत आहे," ती मला म्हणाली. "लेखी आदेशाशिवाय नाही देता येत."

बरोबर होतं तिचं. हेच वाक्य मी तीस वर्षं लोकांना ऐकवत आलो होतो. शेवटी मी तिला एवढंच म्हटलं, "बाई, आम्ही आदेश घेऊन येतो. तोवर ह्या कुप्या कोणाला पाठवू नका." ती म्हणाली, "नाही पाठवत, सर. बाजूला काढून ठेवते." आणि खरंच तिनं बारा कुप्या मोजून वेगळ्या खोक्यात घातल्या.

आदेश द्यायचे अधिकार होते मोठ्या साहेबांना, आणि ते गेले होते प्रशिक्षणाला. मग आले तर सुट्टी लागली. मग त्यांची बैठक. एकेक दिवस जात होता आणि काचेखालचं ते कार्ड तसंच होतं. या काळात वनिता दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा ती बाकावर बसली ती बराच वेळ उठली नाही. "मले झोप नाही लागत सिस्टर," म्हणाली. "पोट्टे लहान हायेत." सिस्टरनी तिची तपासणी करून घेतली, काही नव्हतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

साहेब भेटले तो तारखेनंतरचा पंचविसावा दिवस. त्यांनी अर्ज वाचायला घेतला. मी लिहिलं होतं, "मागणीचा माझा अंदाज चुकला. मागणी वाढणार हे आमच्या सिस्टरनी मला आधी सांगितले होते. मी ऐकले नाही."

साहेब चष्म्यावरून बघायला लागले. "मेश्राम, असं कोणी लिहीत नाही हो. 'अनपेक्षित मागणीवाढ' लिहा. तुमच्याच नोकरीसाठी सांगतो."

"साहेब, अनपेक्षित नव्हती. म्हणून तर लिहिलं."

त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग सही केली. माझ्या सेवापुस्तकात त्याचं काय झालं ते मी कधी बघितलं नाही. पुढच्या बैठकीत "मेश्रामांकडून शिका" कोणी म्हणालं नाही एवढं खरं.

तिथून सरळ त्या केंद्रात. उन्हात माल खराब होऊ नये म्हणून सिस्टरनी आपल्या जेवणाच्या डब्याला ओला रुमाल गुंडाळला आणि कुप्या आत ठेवल्या. रस्ताभर डबा पोटाशी धरून बसल्या होत्या. मी जरा वेगात गेलो की ओरडायच्या, "हळू जी! बारा जणी बसल्या हायेत गाडीवर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सव्विसाव्या दिवशी, वनिता आली. बरोबर नवरा होता, दिलीप, रंगकाम करणारा, हाताच्या केसांवर पांढरे ठिपके. डॉक्टर मॅडमनी तपासलं. ती आत गेली. दोन मिनिटांत बाहेर आली आणि खिडकीशी येऊन नुसतं हसली. मी म्हटलं, "वनिता, माल वरून नाही थांबला. माझ्यामुळे थांबला." ती म्हणाली, "सिस्टरनं सांगतलं. पण आणला ना तुम्ही." तिच्या जागी मी असतो तर एवढ्यावर सोडलं नसतं.

त्यानंतर मागणीपत्रक मी एकट्यानं कधी भरलं नाही. सिस्टर समोर बसायच्या, डोळे मिटून नावं घ्यायच्या. "पिवळ्या बिल्डिंगमधली संगीता येईन. तिची जाऊ येईन. चौकातली तळलेले पोंगे विकणारी नक्की येईन." असा आमचा आकडा तयार व्हायचा, फाटकावरच्या बायकांचा. तो मागच्या वर्षीच्या दुपटीहून जास्त निघाला. मला वाटलं वरचे लोक कापणार. त्यांनी एका शब्दानंही विचारलं नाही, सगळा माल आला. बघा, मागायला माणूस नीट असला तर सरकार देतं हो. मी तीस वर्षं सरकारला नावं ठेवलीत, पण हे मला कबूल करावंच लागेल. एवढ्या मोठ्या देशात कुठून तरी खोकी निघतात आणि बेसा रोडवरच्या एका पोळ्या लाटणाऱ्या बाईपर्यंत पोचतात. मधे कितीतरी ड्रायव्हर, हमाल, बाबू असतात. ती बाई कोण, त्यातल्या कोणालाच माहीत नसतं. मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

आता दिलीपचं सांगायचं राहिलं. त्या सव्विसाव्या दिवशी वनिता कामावर गेली आणि तो मागे थांबला. खिडकीशी आला. मी सवयीनं डोकेदुखीच्या गोळ्यांकडे हात नेला. पण याचं डोकं दुखत नव्हतं.

"भाऊ, हे असं पुन्हा होईन काय? माल संपणं?"

"होणार नाही म्हणून आम्ही बघू."

"बघू म्हणजे होऊ बी शकते."

"होऊ शकतं," मी म्हटलं.

तो तिथेच उभा राहिला. मग मी मला जे वर्षानुवर्षं पाठ होतं ते बोललो. पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं. टाका नाही, दहा-पंधरा मिनिटांत होतं. मोफत आहे. आठवडाभर जड काम करायचं नाही, बस. ताकद जात नाही, काही नाही. तीन महिने मात्र वनिताचं इंजेक्शन चालू ठेवायचं, मग तपासणी करायची, ती ठीक आली की झालं. तिचा जीव दर तीन महिन्यांनी टांगणीला लागायचं कारण उरणार नाही. मी चांगलं बोललो. एवढ्या वर्षांत चांगलं बोलायची सवय झाली होती.

दिलीपनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "तुम्ही केलं काय भाऊ?"

मला हे तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

"नाही गा," मी म्हटलं. "आमच्या घरी बायकोनं केलं."

"काहून? तिले काही आजार होता काय?"

"नाही. ती धडधाकट होती. तसंच करत होते सगळे."

"मग मले काहून सांगून राहिले?"

त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मला खोटं बोलता आलं असतं, पण त्या महिन्यात मी खोटं बोलून पुरता दमलो होतो. म्हटलं, "दिलीप, मी भ्यालो होतो. एवढंच. तू भिऊ नको."

तो "बरं जी" म्हणाला आणि गेला. मला वाटलं, गेला तो गेला. दहा दिवसांनी परत आला, आंघोळ करून, भांग पाडून, जणू लग्नाला निघालाय. दोन मित्रांना विचारलं होतं, दोघांनीही वेड्यात काढलं होतं, तरी आला. मी अर्धा दिवस रजा टाकून त्याच्याबरोबर मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथे नसबंदीचं शिबिर होतं, यादीत बायकांची नावं पानभर, पुरुषांचं एकच. वीस मिनिटांत तो चालत बाहेर आला. "एवढंच?" म्हणाला. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण नागपुरात बाप्या माणूस बाप्या माणसाच्या असा पाया पडत नाही, म्हणून मी त्याला चहा पाजला.

तीन महिन्यांनी तपासणी ठीक आली. सिस्टरनी वनिताचं कार्ड तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "घे वं, आता हे तुह्या घरी ने." वनिता आजही मनीषनगरमध्ये स्वयंपाक करते. थोरली पोरगी दहावीत आहे. सिस्टर माझ्या एक वर्ष आधी निवृत्त झाल्या, त्यांच्या निरोप समारंभाला फाटकावरच्या पंधरा-वीस बाया कामं सोडून आल्या होत्या आणि साहेबांच्या भाषणात मोठमोठ्यानं रडत होत्या.

गेल्या महिन्यात हा लेख लिहायला बसलो तेव्हा हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत बसली होती. दिलीपच्या प्रश्नापर्यंत आलो आणि म्हटलं, "पाहा ना, मला तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मी केलंही असतं कदाचित."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मी विचारलं होतं."

"केव्हा?"

"धाकटा सव्वा महिन्याचा होता. रात्री जेवताना विचारलं. तुम्ही म्हटलं, सुट्टी नाही भेटत."

मला ते आठवत नाही. पण ती खोटं बोलत नाही, तीस-पस्तीस वर्षांत कधी बोलली नाही. आणि या ऑपरेशनसाठी सरकारी नोकराला वेगळी पगारी रजा मिळते, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याचं पत्रक माझ्याच खिडकीला चिकटवलेलं होतं.